सातव्या महिन्यातला जिना

अंडीताईचं काम ऐकायला सोपं. प्रयोगशाळेत उबवणीच्या पेटीतली कोंबडीची अंडी आडवी ठेवायची, वरच्या कवचाला नखाएवढी खिडकी कापायची, आतला जीव ठीक आहे ना ते बघायचं आणि चिकटपट्टीने खिडकी बंद करायची. करून बघा म्हणजे कळेल! तिचा हात असा, की प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम दुसऱ्या कुणाला अंड्यांच्या जवळपास फिरकू देत नसत.

त्या दिवशी घरच्यांना काम दाखवायची मुभा होती, म्हणून ती आईला घेऊन आली. आईने जन्मभर कोंबड्या पाळलेल्या. लेक चहा आणायला गेली, तेवढ्यात म्हातारीने पेटी उघडली आणि उबवायला बसलेली खुडूक कोंबडी करते तशी अंडी उलटी करायला घेतली. एक सोडून सगळी पालथी झाली. खिडक्या खाली गेल्या, पांढरं गळायला लागलं. तेवढ्यात लेक चहा घेऊन परतली, पाठोपाठ मॅडमही आल्या.

"माझे हातच वाईट," आई रडू लागली. "तू पोटात होतीस तेव्हाही माझ्याच हातून झालं. सातव्या महिन्यात बादली घेऊन जिन्यावरून पडले आणि तुझा ओठ फाटला."

अंडीताईचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. शिवल्याची रेघ अजून दिसायची. पण आई हे मनाला लावून बसलीये, याचा तिला पत्ताच नव्हता.

मॅडम आधी चांगल्याच तापल्या होत्या. हे ऐकून निवळल्या. वाचलेलं एकुलतं अंडं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. कुठली पेशी कुठे जाते ते कळावं म्हणून आतल्या जिवाच्या काही पेशींत आधीच रंग टोचलेला होता; त्या ठिपक्यांसारख्या चमकत होत्या.

"आजी, बघा. चेहरा घडवणाऱ्या पेशी मूळच्या तिथल्या नसतात. डोक्याच्या वरच्या बाजूने सुटतात आणि सरकत सरकत खाली येतात. दोन्हीकडचे भाग वाढून मधे जुळले की ओठ झाला. कधी पेशी कमी पोचतात, मग फट राहते. माणसात हे सगळं पहिल्या दोन-तीन महिन्यांतच उरकतं."

"आणि सातव्यात?"

"सातव्यात ओठ कधीच बनून गेलेला असतो."

आई भिंगापासून हलेना. "म्हणजे त्या जिन्याला मी उगाच शिव्या घातल्या म्हणायच्या."

"आणि स्वतःलाही," अंडीताई आईशेजारी येऊन म्हणाली. "दूध ओढता येत नव्हतं मला. थेंब थेंब तोंडात सोडून जगवलंस. तुझे उपकार आहेत गं, आई. कधी बोललेच नाही मी."

आईने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच नजर न चुकवता लेकीच्या ओठाकडे नीट पाहिलं.

"बरा शिवलाय की गं," ती म्हणाली.