आठ रोजांचा पोपट

अक्कांना खाटेवरून खाली भुईवर घेतलं होतं. तोंडात तुळशीचं पान ठेवलं होतं आणि थोरले दीर चमच्यानं पाणी घालत होते. पाणी आत जात नव्हतं, गालावरून कानाकडं वाहत होतं. अक्कांची सून पायाशी बसली होती. खोलीच्या दारापासून ओसरीपर्यंत निम्मी गल्ली उभी होती. तेवढ्यात ओसरीत टांगलेल्या पिंजऱ्यातून पोपट खणखणीत आवाजात म्हणाला, "निघाली, निघाली, एकच सीट, एकच सीट."

मला हसू आलं. पदर तोंडावर दाबून मी मान खाली घातली. खांदे हलत होते. शेजारणीनं पाठीवरून हात फिरवला आणि रडू नका मावशी म्हणाली. मी तिला काही सांगायला गेले नाही.

थोरल्या दिरांनी मान वर न करता सांगून टाकलं, हिचं आटोपलं की हे पाखरू त्याच दिवशी घराबाहेर. खरं तर पोपट ठेवायचा की नाही हे अक्का ठरवणार होत्या. ठरवायच्या आधीच त्या चालल्या होत्या.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. पारख करणं हे त्यांचं काम. कुणी दिलेलं नव्हतं, त्यांनीच घेतलं होतं. टरबूज वाजवून बघायच्या, लुगड्याचा रंग ओलं बोट घासून, बैल शेपूट पिरगाळून. मलाही त्यांनीच पाहिलं. माझ्या माहेरी येऊन त्यांनी मला पाण्याची कळशी आणायला लावली, चालताना पाहिलं आणि माझ्या तोंडावर निकाल दिला, "तोंडाची फटकळ हाय, पण पाय नीट टाकती. घ्या." रूपाबद्दल काही बोलल्या नाहीत. बरंच झालं.

त्या चुकायच्याही पुष्कळ. त्यांनी पसंत केलेला एक बैल औताला जुंपला की मध्येच खाली बसायचा. दीर चिडले तेव्हा त्या म्हणाल्या, "बैल बराबर हाय, तुमचं वावर दगडाचं हाय." आपली पारख चुकली असं त्या कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

घरात नवीन काहीही आलं की त्यांचं ठरलेलं बोलणं असायचं, आठ रोज राहू द्या. कुकरला आठ रोज, मोबाइलला आठ रोज. पहिल्या दिवाळीला जावई आला, त्यालाही त्या आठ रोज नुसत्या बघत होत्या. तो बिचारा पाचव्या दिवशीच गेला. मिक्सरचा निकाल लागायच्या आत मिक्सर जळाला. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बघा."

पोपट आला तो सेनगावहून. तिथं जीपा उभ्या राहतात त्या ठिकाणी रशीदमामूची चहाची टपरी होती आणि पिंजरा टपरीला टांगलेला असायचा. पोपट तिथंच वाढला. त्याला विठू विठू येत नव्हतं. जीपवाले ओरडायचे तेच त्याला येत होतं. आमच्या भागात लेकरालाही माहीत आहे की जीपवाला निघाली म्हणतो तेव्हा जीप निघत नसते आणि एकच सीट म्हणतो तेव्हा जीप निम्मी रिकामी असते. पोपटानं हे सगळं खरं धरून पाठ केलं होतं.

मामूचे गुडघे गेले. टपरी बंद करून ते नांदेडला लेकीकडं राहायला निघाले, आणि लेकीच्या घरात मांजरं. अक्कांचा मुलगा भगवान जीप चालवतो, ती ओळख धरून मामू पिंजरा घेऊन आमच्याकडं आले. "भाभी, रख लो इसको, जबान का पक्का है," म्हणाले. अक्का म्हणाल्या, "जबानीचा पक्का असता तर जीपवाल्यायचं काहून शिकला असता?" मामूंनी चहा घेतला आणि पिंजऱ्याकडं न बघता गेले.

मग पोपट पाहण्याचा कार्यक्रम झाला. पिंजरा पाटावर ठेवला, अक्का समोर बसल्या. बैलाचं वय दातावरून काढतात. ह्याला दातच नाहीत, म्हणून जरा अडचण झाली. त्यांनी नखं पाहिली, शेपूट पाहिली. शेंगदाणा दिला तो त्यानं टाकून दिला, मिरची दिली ती खाल्ली आणि वर त्यांचं बोट चावलं. रक्त आलं. अक्कांनी बोट पदराला पुसलं. "चावा बराबर हाय. आठ रोज राहू द्या."

पहिल्याच पहाटे तो सेनगाव सेनगाव करून ओरडला आणि शेजारचा म्हातारा पिशवी घेऊन दारात येऊन उभा राहिला. पाहुणी जायला उठली की पोपट म्हणायचा, सरका, सरका, अजून एक बसते. पेरूची घाण खाटांवर पडायची. सून म्हणाली हा घरात ठेवण्यासारखा नाही, उद्या लेकरांना जीपवाल्यांच्या शिव्या शिकवील. भगवाननं मोबाइलवर वाचून सांगितलं की पोपट पाळणं कायद्यात बसत नाही. अक्कांनी लगेच पिंजऱ्याचं दार उघडलं आणि जा म्हणाल्या. पोपट बाहेर आला, चालत चालत त्यांच्या ताटाशी गेला, भाकरीचा तुकडा उचलला आणि पुन्हा आत जाऊन बसला. "आता कायदा त्यालाच समजून सांग," अक्का लेकाला म्हणाल्या. ते दार मग पुन्हा कुणी लावलं नाही.

आठ रोज भरायच्या आत अक्का तापानं पडल्या. आधी अन्न सुटलं, मग पाणी. डॉक्टर म्हणाले नांदेडला न्या. अक्का न्हाई म्हणाल्या. त्यांची शुद्ध गेल्यावर भगवाननं जीप दाराशी आणून लावली, तर थोरले दीर म्हणाले, वाटेत जाण्यापेक्षा घरात जाऊ दे. म्हणून त्यांना भुईवर घेतलं. गल्ली गोळा झाली. आणि एवढी माणसं एका जागी पाहून पोपटाला आपण स्टँडवर आहोत असं वाटलं असणार.

भगवान पिंजऱ्यावर गोधडी टाकायला उठला. तेवढ्यात अक्कांचे ओठ हलले. त्यांनी तुळशीचं पान थुंकून टाकलं. आवाज बारीक होता, पण दारापर्यंत ऐकू गेला.

"जीपवाल्याच्या निघालीवर काहून जाता? सीटा भरल्याबिगर ती हलती व्हय?"

मी चमचा घेतला आणि पाणी घातलं. ते आत गेलं. बांबू आणायला पाठवलेल्या माणसाला फोन करून परत बोलवावं लागलं. दाराशी जीप उभीच होती, तिच्यात घालून अक्कांना नांदेडला नेलं. या वेळी त्या न्हाई म्हणाल्या नाहीत.

परत आल्या त्या वाळून काठी होऊन. खाटेवर बसत्या झाल्या तशी थोरल्या दिरांनी पोपटाची गोष्ट काढली. मरणाच्या दारात असं अभद्र बोलणारं पाखरू घरात नको, म्हणाले. सुनेनं मान हलवली. आम्ही सगळे पोपट जाणार असंच धरून बसलो होतो. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"तो तोंडावर म्हणला, निघाली," त्या म्हणाल्या. "तुमी समदे मनात म्हणून राहिले व्हते. मंग कोणाकोणाला घराभाईर काढू?"

थोरल्या दिरांनी मान खाली घातली. मीही मान खाली घातली. या वेळी हसू आलं नाही.

"राहू द्या त्याला," अक्का म्हणाल्या आणि भाकरी मागितली.

पुढच्या पावसाळ्यात थोरले दीर गेले. धडधाकट माणूस, सकाळी वावरात गेला तो परत आला नाही. रशीदमामू गेल्याचंही नांदेडहून कळलं. अक्का त्यानंतरही काही वर्षं टरबुजं वाजवत राहिल्या. एका दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. भुईवर घ्यायला त्यांनी कुणाला वेळच दिला नाही. पोपट ओसरीत पेरू खात होता.

भगवान आणि सून लेकरांच्या शाळेसाठी हिंगोलीला राहतात. घरात मी आहे आणि पोपट आहे.