बूट काढा, साहेब
घाटकोपरच्या बाजारातल्या जुन्या धर्मशाळेचे रखवालदार कायम कुजबुजत बोलायचे. लाकडी जिन्यापाशी येईल त्याला म्हणायचे, "बूट काढा, साहेब. वर माणसं झोपलीत." वर कित्येक वर्षांत कोणी मुक्कामाला उतरलं नव्हतं. मी इंजिनीअर, इमारत तपासायला गेलो होतो. नाड्या सोडायचा कंटाळा केला आणि खालूनच लिहून दिलं, वरच्या तुळया कुजल्यात. त्यावरून धर्मशाळा पाडली, तेव्हा त्या सागवानी तुळया अखंड निघाल्या. मी गप्प राहिलो.

आता त्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या गेटवर तेच रखवालदार बसतात. परवा त्यांना खरं सांगायला गेलो. पायरीपाशी नकळत हात नाड्यांकडे गेला. ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलले, "राहू द्या, साहेब. आता कोणाची झोपमोड व्हायचीय?"