चार वॅटचा लाल ठिपका

मीटरमामाचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. ट्रकतळाच्या कोपऱ्यात त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. ट्रकवाले रस्त्यात एकमेकांशी बोलतात ते छोटे सेट त्याच्याकडे यायचे, आणि निघताना जो तो हळूच पुटपुटायचा, "मामा, जरा जोर वाढवा की."

"चार वॅट!" मामा खेकसायचा. "कायद्यानं चार म्हणजे चार. सव्वाचार हवे असतील तर दुसरं दुकान बघ."

सेट बंद करण्याआधी आतल्या पॉवरच्या स्क्रूवर तो बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. कुणी स्क्रू फिरवला की ठिपका फुटणार आणि लबाडी उघडी पडणार.

एके दिवशी रेडिओ खात्याचा तपासनीस दुकानात आला. म्हणाला, "या रस्त्यावर कुणीतरी मर्यादेबाहेरच्या वॅटनं बोलतंय. सेट तुमच्याकडचा निघाला तर परवाना गेलाच म्हणून समजा."

झालं! मामाचं डोकंच फिरलं. चहावाला उगाच हसला, म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय. टायरवाला हसला नाही, म्हणजे तो तर मुरलेलाच. आल्यागेल्या ट्रकच्या केबिनमध्ये चढून मामा सेट उघडू लागला. ठिपके सगळे शाबूत. राहिला एकच ट्रक, जावयाचा. तो माणूस लग्नापासूनच मामाला फार गोडबोल्या वाटायचा. पोटात काही नसेल तर एवढं गोड कोण बोलतं हो?

ट्रक जावयाच्या दारातच उभा होता. मामानं सेट उघडला. ठिपका होता, पण लाल जरा गुलाबीकडे झुकलेला. मीटर लावला तर सात वॅट.

"अहो जावईबापू!" मामा दारातूनच गरजला. "सासऱ्याच्याच पोटावर पाय देताय?"

जावई अर्धी दाढी करून तसाच बाहेर आला. "बाबा, शप्पथ! मी तो सेट उघडलासुद्धा नाही."

"मग काय भुतानं उघडला?"

तेवढ्यात लेक पाण्याचा पेला घेऊन आली. मामानं पेला घ्यायला हात पुढे केला आणि तिची नखं दिसली. तोच लाल, गुलाबीकडे झुकलेला.

"मी फिरवला स्क्रू," लेक म्हणाली. "लहानपणी तुमच्याच टेबलाशी बसून शिकले ना. मागच्या खेपेला डोंगरापलीकडे यांची गाडी बंद पडली. हाका मारून मारून घसा बसला, कुणाला ऐकू गेलं नाही. मी इथे घरातल्या सेटला कान लावून नुसती रडत होते, बाबा."

"अगं वेडाबाई, सात वॅटनंही आवाज तो डोंगर ओलांडत नाही."

"मग काय करू ते तुम्हीच सांगा."

मामानं स्क्रू चारवर आणला आणि लेकीकडूनच बाटली मागून ठिपका दिला. जावयाकडे मान वर करून बघायची त्याला लाज वाटली.

परवाना वाचला. पण जावयाची गाडी परतायची असली की मामा भर दुपारी दुकानाला कुलूप लावतो आणि हातातला छोटा सेट, तोही चारच वॅटचा, घेऊन डोंगरमाथ्यावर जाऊन बसतो. पलीकडून जावयाची हाक आली की ती अलीकडे लेकीला सांगतो.

"काय मामा, आज कुठे?" चहावाला विचारतो.

"तुला कशाला रे नसत्या चौकशा?" मामा डोळे बारीक करतो. "वॅट तपासायला चाललोय."