बस्त्यावच्या खिडकीतला राउटर

चर्चची मयताची घंटा वाजू लागली तेव्हा मी वाडीत केळींना पाणी सोडत होतो. कोण गेलं ते विचारायला फोन काढला, आणि सवयीनं नंबर लावला तो बस्त्यावचाच... उचलला त्याच्या बायकोनं, फिलोमिनावहिनींनी.

बस्त्यावला जाऊन आता सात आठवडे झाले. माझं चित्त अजून थाऱ्यावर नाही, आणि त्याचं कारण नुसतं दुःख नाही, हे आधीच सांगून टाकतो.

भुईगावात आमची घरं गल्लीच्या दोन बाजूंना. शाळेपासूनची मैत्री. बस्त्याव जन्मभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत आला, वस्तू फेकणाऱ्याशी भांडायचा. त्याची स्टेला कॅनडाला गेली आणि वहिनींच्या अधू नजरेला मोबाइलवर लेकीचं तोंड दिसेना. घरात मोठ्या पडद्याचा जुना कॉम्प्युटर होता, पण त्याला वायफाय चालत नव्हतं, वायरच लागायची. तेव्हा माझ्या माळ्यावरचा जुना राउटर यानं उचलून नेला, सेटिंग बदलून खिडकीत ठेवला. माझ्या घरचं वायफाय तो तिथं पकडायचा आणि वायरीनं कॉम्प्युटरला द्यायचा. "अरे, नवीन काहीतरी घे ना," मी म्हणालो. "का? हा मेलाय काय?" तो माझ्यावरच उखडला. मग मला शिकवायला बसला, तर मी जांभया देऊ लागलो. "तू आहेस ना, मला कशाला?" असं म्हणालो मी.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी माझ्याकडे नवा राउटर बसला. नाव नवं, पासवर्ड नवा. समोरच्या खिडकीतल्या डब्याला जुनाच पासवर्ड ठाऊक आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्याच्यासाठी चर्चमध्ये झालेल्या महिन्याच्या मिस्सेनंतर वहिनींकडे चहाला गेलो, तर कॉम्प्युटरवर चादर.

"स्टेला काय म्हणते?"

"मोबाइलवर आवाज येतो. तोंड नाय दिसत," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, त्यानं चालू केलेलं, तो गेला तर ते पन गेलं. तुम्हाला कशाला तरास?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाच्या मातीलाही पोरीला येता आलं नव्हतं, आणि माझ्यामुळे दोन आठवडे मायलेकींना एकमेकींचं तोंड दिसलं नव्हतं.

त्या डब्याचा स्वतःचा पासवर्ड फक्त बस्त्यावला माहीत होता. उपाय एकच, मागच्या भोकात टाचणी दाबून त्यानं केलेलं सगळं पुसायचं. टाचणी धरून मी उभा राहिलो, बसलो, पुन्हा उठलो.

"दाबा ना, भावजी," वहिनी म्हणाल्या.

दाबली. पुढे तीन दिवस नुसता घोळ. कधी वायर चुकीच्या भोकात, कधी सेटिंग अर्धवट, आणि प्रत्येक वेळी वहिनींचा चहा. चौथ्या दिवशी दिवा हिरवा झाला आणि स्टेला पडद्यावर आली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग स्टेलाचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"काका, तुम्ही केलं? पप्पा बोलायचे, मधूला सगळं येईल, फक्त मी असेपर्यंत तो हात लावणार नाही..."

मी चपला घालून बाहेर पडलो. आता लाइट जाऊन आली की मी गल्ली ओलांडून खिडकीतला दिवा बघून येतो. पेटलेलाच असतो. तरी जातो.