मुशीचं तेल आणि एका वर्षाची वॉरंटी

वस्तू बिघडते यावर माझ्या सासऱ्यांचा विश्वासच नाही. त्यांच्या मते ती फक्त तेलाला महाग झालेली असते. आगरदांड्याला धक्क्याजवळ त्यांचं घर आणि मागच्या पडवीत मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, उग्र वासाच्या तेलाचा डबा. होडीच्या लाकडाला चोपडायचं हे तेल सासरे दाराच्या बिजागरीला लावतात, शिवणयंत्राला लावतात. एकदा सासूबाईंच्या चष्म्याच्या काडीलाही लावलं, तेव्हा सासूबाई आठवडाभर चष्म्याविना वावरल्या. "खाऱ्या हवेला दुसरा इलाज न्हाय," असं ते बजावतात. मला हा माणूस फार आवडतो, पण जरा लांबून.

या घरात लॅपटॉप आणला माझ्या धाकट्या मेहुणीने. नर्स म्हणून मस्कतला जाताना, व्हिडिओवर बोलायला म्हणून तिने तो आईबापाजवळ ठेवला आणि बापाचा पडलेला चेहरा बघून म्हणाली, "बाबा, याची वॉरंटी संपायच्या आत मी परत येते." पोरीने सहज म्हटलं, सासऱ्यांनी मात्र मनाशी गाठ मारली. वॉरंटी संपली, पोरीचं तिकडचं काम वाढलं, ती काही आली नाही. तेव्हा सासरे एसटी पकडून थेट अलिबागला माझ्या दारात. "जावयबापू, वॉरंटी वाढवा. पोरीचा शब्द खोटा पडता कामा न्हाय."

मी कंपनीला फोन केला. मुदत उलटली तरी वाढवता येईल, पण आधी आमचा माणूस येऊन लॅपटॉप तपासेल, असं कळलं. तपासणी म्हटल्यावर सासऱ्यांना कुठलं राहवतंय! हंगामाला होडी पाण्यात लोटण्याआधी तिला नटवतात, तसा त्यांनी लॅपटॉप नटवला. झाकणाला तेल, बिजागरीला तेल, वर झेंडूचा हार. कंपनीचा माणूस आला तेव्हा शेजारच्या दोन मांजरी लॅपटॉपसमोर भक्तिभावाने बसल्या होत्या.

"काका, हे आत गेलं असेल तर वॉरंटी विसरा," तो नाक दाबून म्हणाला.

भर वादळातून होडी किनाऱ्याला आणणारा माझा सासरा सासूबाईंच्या पदराचं टोक धरून उभा राहिला. त्या माणसाने पुसपुस पुसून बटण दाबलं आणि लॅपटॉप सुरू झाला. मला त्या लॅपटॉपचा मुका घ्यावासा वाटला; वासामुळे घेतला नाही.

"तीन वर्षांची घेतलीत तर स्वस्त पडेल," तो म्हणाला. कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाजार डोक्यावर घेणारे सासरे ठामपणे म्हणाले, "एकाच वर्षाची द्या."

संध्याकाळी मेहुणी पडद्यावर आली. "वाढवली गं, एक वर्ष. तुझा शब्द अजून चालू हाय," सासरे म्हणाले.

ती हसली. "बाबा, तीन वर्षांची घ्यायची ना!"

"तीन वर्षांची घेतली, तर तू तीन वर्षं कशाला येशील?"

ती पडद्यातून नुसती बघत राहिली. सासऱ्यांना वाटलं, लॅपटॉप अडकला. ते उठून पडवीत तेलाचा डबा शोधायला गेले. आम्ही कुणीच त्यांना अडवलं नाही.