चोवीस शब्दांची देखणी पाटी

सकाळी पावणेआठला आमच्याकडे रोजचाच गोंधळ चालला होता. धाकटीचा एक मोजा सापडत नव्हता, ह्यांची दाढी अर्धी झाली होती आणि गॅसवरचं दूध मी कधी पाठ फिरवते याची वाट बघत होतं. तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या काकांची टकटक मला ओळखू येते. तीनच, आणि मधलं अंतर फुटपट्टीने मोजल्यासारखं. त्या दिवशी मात्र पाच-सहा कशाही पडल्या.

दार उघडलं तर काकाच. हातात नॅपकिनात गुंडाळलेलं काहीतरी, आणि शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. काकांचं बटण चुकतं म्हणजे काहीतरी भलतंच झालेलं असणार.

काका गेली चाळीस वर्षं नावपाट्या करतात. एकेका अक्षराचा पोलादी ठसा धातूवर धरायचा आणि हातोडीने ठोकायचा. आमच्या दारावरची पाटी त्यांनी दोनदा केली, कारण पहिलीत म्हणे आमचे हे डावीकडे कलल्यासारखे दिसत होते. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या पदव्या त्यांनी लांबीप्रमाणे लावल्या, छोटी वर, मोठी खाली. डॉक्टर चिडले, पण पाटी इतकी देखणी झाली होती की उतरवायचं त्यांच्याही जिवावर आलं.

काका खुर्चीच्या टोकावर बसले. "ताई, तुम्ही कॉलेज शिकलेल्या. मला सांगा, पैसे कुठेच नसतात, पण असतात, असं होतं का?"

"बँकेत आहेत म्हणायचंय का?"

"बँकेत नाहीत, घरात नाहीत. भाच्याचे आहेत. नऊ वर्षं साठवलेले. क्रिप्टो."

भाचा म्हणजे काकांच्या बहिणीचा मुलगा. ती गेल्यावर त्यांनीच वाढवलेला. दुसऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात काम करतो आणि पुढच्या महिन्यात स्वतःचं दुकान घेणार होता, याच पैशातून.

'क्रिप्टो' ऐकून हे फेसासकट बाहेर आले. "काका, पैशांची नोंद इंटरनेटवर असते. भाच्याकडे नुसती किल्ली. ती चोराच्या हाती लागू नये म्हणून इंटरनेटपासून लांब, एका छोट्या यंत्रात ठेवतात."

"ते यंत्र काल त्याच्या पँटच्या खिशात होतं. पँट मशीनमध्ये धुतली."

"हात्तिच्या! यंत्र गेलं तर जाऊ दे. चोवीस शब्द असतात, ते नव्या यंत्रात घातले की किल्ली परत तयार."

"म्हणजे शब्दच किल्ली?"

"हो."

"मग यंत्र काय?"

"तेही किल्लीच, एका अर्थी."

"आणि कुलूप कुठंय?"

हे उरलेली दाढी करायला निघून गेले. मीही मान डोलावली होती, पण खरं सांगायचं तर कुलूप मलाही सापडलं नव्हतं.

काकांनी नॅपकिन सोडला. आत तळहाताएवढी स्टीलची पाटी. कागद जळतो, भिजतो, म्हणून भाच्याने ते शब्द स्टीलवर ठोकून घेतले होते. दुसऱ्या कुणाच्या हाती शब्द लिहिलेला कागद देईना, मामाच पाहिजे. काम झाल्यावर मामाने तो कागद सांगितल्याप्रमाणे जाळलाही होता.

"अहो, मला कशाला दाखवता? कुणाला दाखवायची नसते ना?"

"बघा हो खुशाल. आता चोराला नेऊन दिली तरी त्याच्या काही कामाची नाही."

पाटी सुरेख होती. वर 'फॉक्स', 'आइस', 'झू' असे चिमुकले शब्द, खाली 'अंब्रेला'सारखे लांबलचक. सगळे मधोमध, उतरत्या छपरासारखे. आणि एकदम माझ्या लक्षात आलं.

"काका, कागदावर याच क्रमाने होते?"

काकांनी पाटी आपल्याकडे ओढली. "कागदावर आकडे होते, एक ते चोवीस. मला वाटलं, मोजायला सोपं जावं म्हणून घातलेत. पाटीवर आकडे शोभत नाहीत. मी शब्द लांबीप्रमाणे लावले. काल तो फोनवर म्हणाला, मामा, आता क्रमाने टाकले की झालं. मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला."

आतून ह्यांचा आवाज आला, "क्रम चुकला तर काही उपयोग नाही! आणि चोवीस शब्द उलटसुलट लावून बघायचे तर जन्म पुरायचा नाही!"

"ऐकलं त्यांनी, तुम्ही दाढी करा," मी म्हटलं.

मुलींना शाळेत पिटाळलं, हे गेले, आणि आम्ही दोघं टेबलाशी बसलो. चोवीस चिठ्ठ्या केल्या. काकांना पहिला शब्द पक्का आठवत होता, 'लॅडर'. शेवटचा 'स्पून' किंवा 'किचन'. मधले बावीस आम्ही कधी गोष्टीसारखे जुळवले, कधी गाण्यासारखे म्हणून पाहिले. मग मला दिसलं की काही शब्दांतल्या इंग्रजी 'E' अक्षराला बारीक खाच आहे, काहींत नाही.

"ठोकताना मधेच ठसा बदलला होता का?"

"बदलला. जुन्याला खाच दिसली, म्हणून नवा आणला."

"मग झालं की! खाच असलेले शब्द आधीचे, बिनखाचेचे नंतरचे!"

काकांचा चेहरा क्षणभर उजळला आणि विझला. "ताई, ठोकले मी पाटीच्या क्रमानेच. आधी वरची ओळ, मग खालची."

चहावर साय धरली. काकांनी सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि सवयीने त्यांच्या कडा जुळवल्या. मग आपण काय करतोय ते पाहून हात मागे घेतला.

"पाटी वाईट झालेली नाही हो," ते म्हणाले. "मी चाळीस वर्षांत इतकी सरळ केली नसेल. मग चूक कुठे झाली, तेच मला धड कळत नाही."

 घड्याळात सव्वादहा झाले होते. काकांनी पाटी परत गुंडाळली, बटण सोडून नीट लावलं आणि दारापर्यंत गेले.

"तो अकराला येतोय. सांगणार त्याला मीच. तुम्ही फक्त आमच्याकडे येऊन बसा. काही बोलू नका, समजावू नका. पाटी त्याच्या हातात देताना खोलीत तिसरं माणूस असू द्या, एवढंच."