एप्रिलमध्ये जंगल नसतं

आमच्या नकाशा-सेलमध्ये दोन गोष्टी आपोआप साठायच्या. एक, कॉम्प्युटरमधली जुनी चित्रं आणि दुसरे, किस्से. जुनी चित्रं डिलीट करा म्हणून सारखी सर्क्युलरं यायची. किश्श्यांवर कुणी सर्क्युलर काढलं नाही, म्हणून ते टिकले!

भोपाळमधली एका सरकारी कंपनीची टाउनशिप आणि तिच्यात आमचा सेल. काम असं, की उपग्रहाने काढलेली जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवायची आणि जंगल कुठे घटलं, कुठे वाढलं ते नकाशावर दाखवायचं. आम्ही तिघं होतो. मी इंदूरची, हिंदी-मराठीची खिचडी बोलणारी. केळकर सांगलीचा. त्याची हिंदी ऐकून जवाहर चौकातले दुकानदार त्याला सरळ इंग्रजीत भाव सांगायचे. आणि आमचे सक्सेना साहेब. त्यांना जंगलापेक्षा जंगलाचं प्रेझेंटेशन जास्त प्रिय होतं.

* * *

उपग्रहाच्या चित्रात झाडी लाल दाखवतात. तशी पद्धतच आहे. जितकी दाट झाडी, तितकं चित्र लालभडक.

साहेब रुजू झाले त्याच दिवशी केळकरने मोठ्या कौतुकाने सातपुड्याचं चित्र पडद्यावर लावलं. साहेब ताडकन उभे राहिले.

"इतनी बड़ी आग लगी है और आप लोग चाय पी रहे हैं?"

केळकर गडबडला. "नहीं सर, ये अच्छा है! जितना लाल, उतना चांगला!"

साहेबांनी फोन उचललाच होता. मी हळूच मागून वायर काढली.

* * *

घट-वाढीच्या नकाशात मात्र आम्ही घट लाल आणि वाढ हिरवी दाखवायचो. एम. पी. नगरला मोठी मीटिंग होती. आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "लाल देखकर ऊपरवाले घबरा जाते हैं। कोई अच्छा-सा रंग दीजिए।"

केळकरने पिवळा दिला. "पीलिया लग रहा है।" निळा दिला. "बाढ़ आई है क्या?"

शेवटी तडजोड झाली. वाढ गडद हिरवी, घट फिकट हिरवी. पडद्यावर नकाशा आला आणि टाळ्या पडल्या. एका चौकस माणसाने विचारलं, "ये हल्का हरा क्या है?"

साहेब जराही अडखळले नाहीत. "सर, वहाँ हरियाली थोड़ा आराम कर रही है!"

* * *

एकदा एका गावाशेजारी अचानक घनदाट जंगल उगवलं. साहेब खूश. केळकरला चैन पडेना. जागेवर जाऊन खात्री करायला हवी म्हणून तो मला घेऊन जीपने निघाला. पोचून बघतो तर जंगल कुठलं, तलाव होता! जलपर्णीने काठोकाठ भरलेला.

परत येऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "पत्ते हैं?"

"हैं, सर."

"हरे हैं?"

"हैं, सर."

"तो फिर आपको तकलीफ़ क्या है?"

* * *

कोलार रोडच्या नव्या वसाहतींचा नकाशा करताना केळकरने एक शोध लावला. म्हणाला, "मॅडम, इथे उपग्रह कशाला हवा? कॉलन्यांच्या पाट्या वाचत जायचं. जिथे 'उपवन' लिहिलंय तिथे झाडं होती. 'ग्रीन' लिहिलंय तिथे तर भरपूर होती!"

* * *

आता जरा गंभीर गोष्ट, कारण हिच्यात आमच्याच टाउनशिपची मान अडकली होती.

क्वार्टर्सच्या मागे सागाची राई होती. जुनी, उंच झाडं. संध्याकाळी टाउनशिपमधल्या मराठी बायका तिथे बसायच्या. केळकरच्या आई त्यांच्यातल्या म्होरक्या. सांगलीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या बाई. इथे आल्यावर सुरुवातीला खोलीत बसून राहायच्या, कुणाशी बोलायच्या नाहीत. त्या राईने त्यांना माणसांत आणलं. मला एकदा म्हणाल्या, "तुमच्या त्या उपग्रहाला मी दिसते का गं? दिसत असेन तर सांग, जरा नीटनेटकी बसेन."

आणि त्याच जागेवर अधिकाऱ्यांसाठी क्लब बांधायचं ठरलं. 'इथे जंगल नाही' असा आमच्या सेलचा दाखला तेवढा हवा होता.

साहेब म्हणाले, "केळकर, अप्रैल का चित्र निकालिए।"

केळकरचा चेहरा उतरला. एप्रिलमध्ये सागाला पान नसतं. उपग्रहाला वरून दिसते ती नुसती जमीन. तो म्हणाला, "सर, अक्टूबर का देखो ना. पूरा जंगल है!"

"अक्टूबर में तो मेरे कूलर पर भी जंगल होता है। अप्रैल निकालिए।"

दाखला गेला: 'रिक्त भूमि'. आई म्हणाल्या, "झाडं गेली की मी सांगलीला जाते. खोलीत बसायचं तर स्वतःच्या खोलीत बसेन." मला साहेबांचा असा राग आला, की दोन दिवस मी त्यांना गुड मॉर्निंगसुद्धा केलं नाही!

* * *

पावसाळ्यानंतर वरून फर्मान आलं. प्रत्येक टाउनशिपने एका वर्षात कुठे हिरवाई वाढवली ते दाखवा, उत्तम कामाला ढाल मिळेल. साहेब कासावीस झाले. आम्ही एक रोपटंही लावलेलं नव्हतं.

केळकरने मुकाट्याने दोन चित्रं शेजारी लावली. एक एप्रिलचं, साहेबांनी मागितलेलं. दुसरं ताजं, ऑक्टोबरचं. मधोमध एक चौकोन रिकाम्याचा एकदम गच्च भरलेला!

"वाह! ये कौन-सी जगह है?"

"वही है सर, रिक्त भूमि. आपने ही सही की है."

साहेबांनी एकदा एप्रिलकडे बघितलं, एकदा ऑक्टोबरकडे. एका बाजूला क्लब, दुसऱ्या बाजूला ढाल. मग म्हणाले, "क्लब के लिए दूसरी जगह देखेंगे।"

* * *

ढाल द्यायच्या आधी दिल्लीहून मोठे अधिकारी खुद्द पाहणीला आले. मूळचे मंडल्याचे, सालवृक्षांच्या मुलखातले होते. झाडं बघून म्हणाले, "हमारे यहाँ तो साल के जंगल हैं। ये तो सागौन है, है ना?" मग एका खोडाला मिठी मारून बघितली. हात पुरले नाहीत.

"सक्सेना जी, ये एक ही साल में?"

"सर, सब सैटेलाइट से मॉनिटर होता है।"

अधिकाऱ्यांचं समाधान झालेलं दिसेना. आता खरं वय बाहेर पडलं, की ढाल गेली, वर्षभरातली वाढ खोटी ठरली आणि क्लबची फाइल पुन्हा टेबलावर आली. मी मनातल्या मनात गणपतीला नारळ बोलले.

तेवढ्यात अधिकाऱ्यांना झाडाखाली बसलेल्या आई दिसल्या. ते जवळ गेले, हात जोडले आणि अगदी आदराने विचारलं, "माताजी, आप तो रोज़ बैठती होंगी। सच बताइए, ये पेड़ कितने साल के हैं?"

साहेबांनी डोळे मिटले.

आईंनी चष्मा सारखा केला, वर पानांकडे बघितलं आणि ठणकावून म्हणाल्या, "साल के? साल का एक भी नहीं है जी! सब साग के हैं!"

अधिकारी पोट धरून हसले. "बिलकुल सही, माताजी!" म्हणाले आणि हसत हसतच गाडीकडे गेले. जाता जाता हुकूम सोडून गेले, की इथलं एकही झाड तोडायचं नाही.

गाडी गेल्यावर केळकर धापा टाकत आईंपाशी आला. "आई, अगं, साल म्हणजे वर्ष! एवढंही कळलं नाही तुला?"

आई म्हणाल्या, "तुझं जन्माचं साल सांगू का? जा, चहा टाक."